साक्षीचे समन्स आणि द्राक्षाचा खुडा

माघ-फाल्गुनात पिंपळगाव बसवंतच्या शिवारात कुणाला डोके खाजवायला सवड नसते. द्राक्षाचा खुडा चालू असतो. दिवस उगवायच्या आत मजुरांची टोळी बागेत उतरते. घड कापायचे, खराब मणी कात्रीने काढून टाकायचे, क्रेट भरायचे, गाडीत चढवायचे. पेठ-सुरगाण्याकडची माणसे मुलाबाळांसह कामाला आलेली असतात. व्यापाऱ्याने दिवस ठरवून दिलेला असतो. तो दिवस हुकला तर ठरलेला भाव राहील याची खात्री नसते. त्यातून आभाळ भरून आले तर बागायतदाराच्या पोटात गोळा उठतो. पिकल्या मण्याला पाऊस लागला की तडे जातात. ऑक्टोबरच्या छाटणीपासून केलेली मेहनत एका रात्रीत मातीमोल होते.

नेमक्या अशा दिवसांत दारात पोलीस येतो आणि एक कागद पुढे करतो.

असा कागद आला तर काय करावे, ते या पाठात सांगतो. समजायला सोपे जावे म्हणून एक घर डोळ्यांपुढे आणू. घर बागायतदाराचे. घरधन्याला आपण नाना म्हणू आणि त्यांच्या बायकोला वहिनी. दोघेही साक्षरता वर्गाला येतात. मात्र खुडा लागल्यापासून नानांचा खाडा पडतो आहे.

पोलीस म्हणाला, "वहिनी, नाना आहेत का घरी?"

"बागेत आहेत. माल चाललाय आज. का हो दादा, काय झालं?"

"काही झालं नाही. निफाडच्या कोर्टाचं समन्स आहे. नानांना साक्षीला बोलावलंय."

वहिनींनी पदराला हात पुसले. कागद हातात घेतला. एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी तो वाचला. मग म्हणाल्या, "दादा, अठरा तारीख दिसतीय. अठराला तर आमची वरची बाग उतरायचीय."

"ते कोर्टाला कळवा वहिनी. माझं काम कागद द्यायचं. दुसऱ्या प्रतीच्या मागं सही करा, म्हणजे मी मोकळा."

इथे जरा थांबू. या चार वाक्यांत बरेच काही आहे.

समन्स म्हणजे कोर्टाचे बोलावणे. ते दोन प्रतींत असते. एक प्रत आपल्याकडे राहते. दुसरीच्या मागे आपण सही करतो आणि ती कोर्टात परत जाते. सही करायला पुष्कळ लोक भितात. "सही केली म्हणजे अडकलो" असे त्यांना वाटते. तसे काही नाही. त्या सहीचा अर्थ एवढाच, की कागद मिळाला. गुन्हा कबूल केला, साक्ष मान्य केली, असा काही अर्थ तिला चिकटत नाही. कागद घ्यायचाच नाही म्हणून दार लावून बसणाऱ्याचाही काही फायदा होत नाही. कुणीच सापडले नाही तर समन्स घराच्या दर्शनी भागावर चिकटवता येते आणि कोर्ट ते पोचले असे धरू शकते.

दुसरी गोष्ट वहिनींच्या सहीची. फौजदारी कामात जुन्या कायद्याप्रमाणे घरधनी सापडला नाही तर समन्स घरातल्या जाणत्या पुरुषाकडेच देता येत असे. घरात बाई कितीही शहाणी असो, तिच्या हाती दिलेले समन्स चालत नसे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. त्याचे नाव भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्यात 'पुरुष' हा शब्द काढून टाकला आहे. आता घरात राहणारे कोणतेही सज्ञान माणूस, म्हणजे बायको, सून, वयात आलेली मुलगी, समन्स घेऊ शकते. गडीमाणूस मात्र घरातला धरत नाहीत. एका शब्दाचा बदल आहे, पण वर्गात येणाऱ्या आयाबहिणींनी तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. कागद आता तुमच्याही हातात येणार, तेव्हा तो वाचता आला पाहिजे.

कागद कसा वाचावा

पहिल्यांदा माथ्यावर कोर्टाचे नाव पाहावे. मग खटल्याचा नंबर आणि वर्ष. मग 'राज्य विरुद्ध' अमुक अमुक असे लिहिलेले असते. फौजदारी खटला सरकार चालवते, म्हणून 'राज्य'. पुढे ज्याच्यावर आरोप आहे त्याचे नाव. त्याखाली तुमचे नाव. आणि इथे डोळे नीट उघडे ठेवावे. तुम्हाला कशासाठी बोलावले आहे? साक्षीदार म्हणून, आरोपी म्हणून, की दिवाणी दाव्यात प्रतिवादी म्हणून? तिघांची कामे अगदी वेगळी. प्रतिवादी असाल तर तुमच्यावर कुणी दावा लावला आहे आणि मुदतीत उत्तर द्यायचे आहे. तिथे वकील पाहावाच लागतो. साक्षीदाराला वकील लागत नाही. त्याने यावे, पाहिले ते सांगावे, जावे.

शेवटी तारीख, वेळ, सही आणि कोर्टाची मोहोर पाहावी.

हल्ली समन्स मोबाईलवरही येऊ शकते. नव्या कायद्याने ती सोय केली आहे. त्यावर कोर्टाच्या मोहोरेचे चित्र किंवा संगणकी सही असते. पण याच सोयीचा फायदा घेऊन लबाड लोक खोटे समन्स पाठवतात, फोनवर साहेबाचा आवाज काढतात, 'डिजिटल अटक' केली म्हणून दरडावतात आणि पैसे उकळतात. डिजिटल अटक नावाची अटक आपल्या कायद्यात कुठेच नाही. साक्षीला बोलावताना कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. असा फोन आला तर ठेवून द्यावा, पोलीस ठाण्यात जाऊन कागद दाखवावा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या नंबरवर कळवावे.

घरातल्या शिकल्या मुलाकडून आणखी एक काम करून घ्यावे. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरे-आकड्यांचा एक नंबर असतो. त्याला सीएनआर नंबर म्हणतात. तो ई-कोर्टच्या ॲपमध्ये घातला की खटल्याची पुढची तारीख कळते. तारीख बदललेली दिसली तरी पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात विचारून खात्री करावी. मोबाईलच्या भरवशावर घरी बसू नये.

पारावरचा सल्ला

संध्याकाळी नाना बागेतून आले. वहिनींनी कागद दाखवला. नानांचा पारा चढला.

"वर्षभर कुणी विचारलं नाही, आणि आता खुड्यात बरी आठवण झाली यांना!"

रात्री पारावर गोष्ट निघाली. एक जण म्हणाला, "जाऊ नका नाना. तारीखच पडते. फुकटचा हेलपाटा." दुसरा म्हणाला, "गेला नाहीत तर वॉरंट निघेल. पोलीस घरून उचलून नेतील." तिसरा सगळ्यांत शहाणा निघाला. तो हळूच म्हणाला, "जा, आणि 'मला काही आठवत नाही' म्हणून सांगून या. पुन्हा कुणी बोलावणार नाही." आणि मग कुणीतरी ती जुनी म्हण म्हटलीच, की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

पहिल्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तारखा पडतात. मी शाळेत मुख्याध्यापक असताना मला तीन वेळा साक्षीला बोलावले गेले होते. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलांची जन्मतारीख असते. खटल्यात मुलीचे वय सिद्ध करायचे असले म्हणजे मुख्याध्यापकाला रजिस्टर घेऊन जावे लागते. मार्च महिना, परीक्षा तोंडावर, आणि मी रजिस्टर काखेत मारून कोर्टाच्या बाकावर. त्यातल्या एका वेळी दिवसभर बसवून पुढची तारीख दिली. राग आला, तो कशाला लपवू? पण त्या रजिस्टरातल्या एका ओळीवर त्या मुलीचा खटला उभा होता. ती ओळ माझ्याशिवाय दुसरा कोण दाखवणार?

दुसऱ्याचेही खरे आहे. समन्स मिळूनही कारण नसताना कोर्टात न जाणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे. ६ महिन्यांपर्यंत साधी कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. वॉरंटही निघू शकते. बहुधा आधी जामिनाचे वॉरंट निघते. तरीही माणूस आला नाही तर बिनजामिनाचे.

तिसऱ्याचा सल्ला मात्र विषारी आहे. शपथ घेऊन जाणूनबुजून खोटे सांगणे हा मोठा गुन्हा आहे. त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. आठवत असून 'आठवत नाही' म्हणणे हेही खोटेच. असा साक्षीदार फिरला म्हणजे त्याला 'फितूर' म्हणतात. फितूर हा शब्द आपल्याकडे किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणाऱ्यासाठी वापरत. कोर्टाने तो साक्षीदाराला लावला आहे, तो उगाच नव्हे.

आता म्हण. ती कुणासाठी आहे? बांधावरच्या वीतभर जमिनीसाठी भावाभावांनी वीस वर्षे दावा लढवायचा, बैल विकून वकिलाचे घर भरायचे, त्यांच्यासाठी आहे. हट्टाने भांडणाऱ्याला ती जरूर सांगावी. साक्षीदार काही हट्टाने जात नाही. त्याला बोलावणे आलेले असते.

नानांनी काय पाहिले होते

गेल्या वर्षी नाना निफाडकडच्या सोयऱ्यांकडे गेले होते. परत येताना रस्त्याच्या कडेला चहाला थांबले. समोरून सायकलवर एक मजूर चालला होता. मागून मालट्रक आला. सायकलला धडक बसली. मजूर जागीच गेला. नाना धावले, माणसे गोळा केली. पोलिसांनी नानांचा जबाब घेतला.

जबाबाचेही दोन नियम सांगून ठेवतो. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, असे कायदाच सांगतो. पंचनाम्यावर मात्र पंचांची सही असते. म्हणून पंच होणाऱ्याने वाचल्याशिवाय सही करू नये. दुसरा नियम असा. तपासाच्या वेळी बाईमाणसाला, १५ वर्षांखालच्या मुलाला, ६० वर्षांवरच्या म्हाताऱ्याला, अपंगाला किंवा फार आजारी माणसाला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते. ही सवलत पोलिसांच्या तपासापुरती आहे. कोर्टाचे समन्स म्हाताऱ्यालाही येते आणि बाईलाही येते.

तर, मेलेल्या मजुराची बायको आहे, दोन लेकरे आहेत. ड्रायव्हर म्हणतो, सायकलवाला एकदम रस्त्याच्या मधे आला. सायकलवाला उत्तर द्यायला जिवंत नाही. चहावाला दुसरीकडे निघून गेला. उरले नाना. नाना गेले नाहीत तर त्या बाईच्या बाजूने डोळ्यांनी पाहिलेले सांगणारा कुणी नाही. आणि ही गोष्ट उलटूनही पाहा. खरेच सायकलवाला मधे आला असेल, तर तेही नानाच सांगू शकतात. मग तो ड्रायव्हर, तोही कुणाच्या घरचा कर्ता असेल, विनाकारण तुरुंगात जायचा वाचेल. साक्षीदार एका बाजूचा नसतो. त्याने पाहिले तेवढे सांगायचे असते.

पूर्वीची ज्युरी

कुणी विचारील, न्याय करायला जज्जसाहेब पगार घेतात, मग आमच्यासारख्या शेतकऱ्याला का ओढता? याला उत्तर म्हणून थोडा इतिहास सांगतो.

इंग्रजांच्या राज्यात आपल्याकडे काही खटल्यांत ज्युरी बसत असे. ज्युरी म्हणजे कोर्टाने बोलावलेल्या साध्या नागरिकांचे पंचमंडळ. दुकानदार, कारकून, व्यापारी अशी माणसे आपला कामधंदा सोडून येऊन बसत, सगळा पुरावा ऐकत आणि आरोपी दोषी की निर्दोष ते सांगत. १९०८ साली मुंबईत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा ९ जणांची ज्युरी होती. त्यांत ७ युरोपियन आणि २ पारशी. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेले. पंच कोण निवडले जातात यावर न्याय कसा झुकतो, ते लोकांनी तेव्हा पाहिले.

स्वराज्यातही ज्युरी काही वर्षे होती. १९५९ साली मुंबईत नौदलातले अधिकारी नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला. वर्तमानपत्रे त्या बातम्यांनी भरून जात. लोक आधीच बाजू घेऊन मोकळे झाले होते. ज्युरीतल्या ९ पैकी ८ जणांनी त्यांना निर्दोष ठरवले. जज्जांना ते पटले नाही. त्यांनी खटला हायकोर्टाकडे पाठवला. हायकोर्टाने १९६० साली जन्मठेप दिली आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे १९६४ साली राज्यपालांनी नानावटींना माफी दिली. हाच देशातला शेवटचा ज्युरीचा खटला असे पुष्कळ लोक सांगतात, पण ते तितकेसे खरे नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ज्युरी बसत होती. १९७३ सालचा फौजदारी कायदा १ एप्रिल १९७४ पासून लागू झाला, त्यात ज्युरी ठेवलीच नाही. पारशी समाजाच्या लग्न-घटस्फोटाच्या कोर्टात तेवढे पंच बसवण्याची रीत कायद्याने ठेवली आहे.

ज्युरी गेली ते बरे झाले, असे माझे मत आहे. गावकीत, भावकीत आणि जातीपातीत वाटलेल्या पंचांनी कुणाचे दोषी-निर्दोष ठरवावे, याची मला तरी धास्ती वाटते. पण ज्युरी गेली म्हणून साध्या माणसाचे काम संपले नाही. जज्जसाहेब निफाडच्या रस्त्यावर उभे नव्हते. त्यांना जे कळायचे ते दुसऱ्याच्या डोळ्यांतून कळायचे. आता खटल्यात आपल्यासारख्यांचा जो भाग उरला आहे, तो साक्षीचा.

इंग्लंडात ज्युरी अजून आहे. तिथेही माणसाला कामाच्या दिवसांतच बोलावणे येते. एकदा तारीख पुढे मागता येते. मात्र येत्या बारा महिन्यांत कोणते दिवस जमणार नाहीत ते आधी सांगून टाकावे लागते. म्हणजे येणार नाही असे म्हणता येत नाही, केव्हा येऊ एवढे बोलता येते. आपल्या साक्षीदाराला ही रीत घेण्यासारखी आहे.

अर्ज

नानांना दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "न जाण्याचं बोलू नका. आपल्याच मांडवाखाली टोळीतल्या बाया आहेत. उद्या त्यांच्यातल्या कुणाचा माणूस गेला तर?"

"मी कुठं नाही म्हणतो? पण दोन दिवस इकडंतिकडं झाले तर काय बिघडतं त्यांचं?"

"मग तसं लिहून द्या."

लिहून देता येते. खुडा आहे म्हणून तारीख बदलून मिळणे हा साक्षीदाराचा हक्क नाही. ते कोर्टाच्या हाती आहे. पण कारण खरे असेल, वेळेवर कळवले असेल आणि कोणती तारीख चालेल ते सांगितले असेल, तर कोर्ट विचार करू शकते. अर्ज तारखेच्या आधी द्यावा. समन्स आणणाऱ्या पोलिसाला किंवा सरकारी वकिलांना आधी भेटावे. त्यांनाही साक्षीदार आलेला हवा असतो. अर्ज असा लिहावा:

मा. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी साहेब, निफाड, यांचे न्यायालयात.
खटला क्रमांक …… राज्य विरुद्ध ……
अर्जदार: …… (साक्षीदार), राहणार पिंपळगाव बसवंत, तालुका निफाड.
महाशय, वरील खटल्यात मला तारीख …… रोजी साक्षीसाठी हजर राहण्याचे समन्स मिळाले आहे. मी साक्ष देण्यास तयार आहे. परंतु त्या दिवशी माझ्या द्राक्षबागेचा माल काढण्याचे व्यापाऱ्याशी ठरले आहे आणि घरात ते पाहणारे दुसरे कोणी नाही. तारीख …… किंवा …… यांपैकी एका दिवशी माझी साक्ष घ्यावी, ही विनंती. ते शक्य नसल्यास ठरलेल्या दिवशी माझी साक्ष लवकर घ्यावी.
तारीख …… सही ……

मधले एक वाक्य फार मोलाचे आहे: "मी साक्ष देण्यास तयार आहे." ते गाळू नये. अर्ज दिला म्हणजे सुटका झाली असेही समजू नये. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत जुनी तारीख कायम.

नानांचा अर्ज गेला. तारीख बदलली नाही, कारण त्याच दिवशी अपघाताचा तपास करणाऱ्या जमादारालाही लांबून बोलावले होते. मात्र साक्ष लवकर घेण्याचा प्रयत्न करू, असे कळले.

मग बागेचे काय करायचे? आपल्याकडे सावड आहे की नाही? पेरणीला, कापणीला आपण एकमेकांचे काम आलटून पालटून करतो. शेजारच्या बागायतदाराने अठरा तारखेला क्रेट मोजून घ्यायचे कबूल केले. त्याच्या बागेचा दिवस बावीसचा. त्या दिवशी नाना त्याच्याकडे. वहिनींनी वही-पेन घेतले. किती क्रेट भरले, किती गाडीत चढले, ते त्या लिहून ठेवणार होत्या.

पिंजऱ्यात

नाना साडेदहालाच कोर्टात पोचले. तिथे पैरवीचा पोलीस असतो. साक्षीदारांना हजर करणे हे त्याचे काम. त्याला समन्स दाखवून नाना म्हणाले, "बागेत माल चाललाय साहेब, जरा लवकर घ्या." असे सांगण्यात काही कमीपणा नाही. साक्षीदार हजर असेल तर त्याची साक्ष घेतल्याशिवाय खटला तहकूब करू नये, करायचा तर खास कारण लिहून करावा, असे कायदा सांगतो. तरीही कधी हेलपाटा पडतो. तसे झाले तर पुढची तारीख तिथेच विचारून घ्यावी आणि लिहून घ्यावी.

साडेबाराला पुकारा झाला. नाना पिंजऱ्यात उभे राहिले. नावाने घाबरू नका. ती एक लाकडी चौकट असते. साक्षीदार आत उभा राहतो, म्हणजे तो सगळ्यांना दिसतो आणि ऐकू येतो. शपथ दिली जाते. ईश्वराच्या नावाने शपथ घ्यायची नसेल तर नुसती प्रतिज्ञा करता येते. दोन्हींना सारखेच वजन.

आधी सरकारी वकील विचारतात. त्याला सरतपास म्हणतात. मग आरोपीचे वकील विचारतात. तो उलटतपास. उलटतपासात पुष्कळांचा संयम सुटतो. वकील खोटे पाडायला बघतोय असे वाटते. अहो, ते त्याचे कामच आहे. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला साक्षीदाराची पारख करून घ्यायचा हक्क आहे. रुपया आपण वाजवून घेतोच की.

नानांना विचारले, "ट्रकचा वेग ताशी किती होता?"

नाना म्हणाले, "तसं आकड्यात मला सांगता येणार नाही. पण ब्रेक लागल्याचा आवाज मी धडकेनंतर ऐकला, आधी नाही."

"तुम्ही चहा पीत होता. म्हणजे तुमचं लक्ष रस्त्याकडं नव्हतं?"

"मी रस्त्याकडं तोंड करून बसलो होतो."

"सायकलवाला मधे आला हे खरं आहे का?"

"नाही. तो कडेनंच चालला होता. पण त्याच्या सायकलला मागं लाल काच होती की नाही, ते मी पाहिलं नाही."

हे शेवटचे वाक्य नानांना कुणी शिकवले नव्हते. त्या बाईची बाजू बळकट करायला 'काच होती' असे ते म्हणू शकले असते. पाहिले नाही ते पाहिले नाही म्हणाले. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगावे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे. अंदाज बांधून आकडा फेकू नये. आपल्याकडच्या तालुका कोर्टात साक्ष मराठीत देता येते, तेव्हा भाषेची भीती नको.

साक्ष संपली. सांगितलेले सगळे टंकलेखकाने लिहून घेतले होते. ते साक्षीदाराला वाचून दाखवायचे असते. काही चुकले असेल तर त्याने सांगायचे असते. मग ते दुरुस्त करतात किंवा त्याच्या हरकतीची नोंद करतात. कागद समोर आला तेव्हा नाना म्हणाले, "साहेब, मला वाचू द्या."

त्यांना वेळ लागला. मागची माणसे चुळबुळ करू लागली. जज्जसाहेब काही बोलले नाहीत. दुसऱ्या पानावर नानांचे बोट थांबले. "इथं 'सायकल रस्त्याच्या उजव्या बाजूनं' असं पडलंय. मी डाव्या म्हणालो होतो."

आरोपीच्या वकिलांनीही मान हलवली. शब्द दुरुस्त झाला. उजवी म्हणजे सायकलवाला चुकीच्या बाजूने, आणि डावी म्हणजे बरोबर बाजूने. एवढा त्या एका शब्दाचा फरक होता. नानांनी खाली सही केली.

निघताना त्यांनी कारकुनाला भत्त्याचे विचारले. सरकारी खटल्यात साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा हुकूम कोर्ट करू शकते. दिवाणी दाव्यात ज्याने साक्षीदार बोलावला, त्याला आधीच पैसे कोर्टात भरावे लागतात. एसटीचे तिकीट जपून ठेवावे. हा भत्ता खुड्याच्या दिवसाचे नुकसान भरून काढत नाही. तो वाढला पाहिजे, असे मला वाटते. पण मागितल्याशिवाय तोही मिळत नाही.

नाना चारच्या सुमाराला बागेत आले. गाडी भरून निघायच्या बेतात होती. वहिनींनी वही पुढे केली. शेजाऱ्याची मोजणी आणि वहीतला आकडा यांत दोन क्रेटचा फरक येत होता, म्हणून सगळे मिळून पुन्हा मोजायला बसले.